टीडीसीएस देऊन ध्वनींची ओळख कशी तपासावी: सोलापुरातल्या प्रयोगांसाठी क्रमवार मार्गदर्शक

टीडीसीएस म्हणजे डोक्यावर दोन ओले स्पंज बांधून त्यांतून एक-दोन मिलिअँपिअरचा एकसारखा प्रवाह काही मिनिटं सोडणं. ऐकणाऱ्याला ‘बा’ कुठे संपतो आणि ‘पा’ कुठे सुरू होतो, ती सीमा या प्रवाहाने सरकते का, धूसर होते का, हे तपासण्यासाठी तो वापरतात. भाषाशास्त्र, मानसशास्त्र किंवा वाचा-श्रवण शाखेतले विद्यार्थी हा प्रयोग हाती घेतात तेव्हा सगळं लक्ष यंत्राकडे असतं. प्रयोग मात्र यंत्राचं बटण दाबण्याआधीच फसलेला असतो. कधी आवाज इंग्रजीतून उचललेले असतात, कधी केसांना खोबरेल चोपडलेलं असतं, तर कधी कानावरचा हेडफोन खालचा स्पंजच पिळून काढत असतो. म्हणून या लेखात यंत्राला जागा कमी आणि तयारीला जास्त दिली आहे.

आधी दोन सूचना. हा संशोधनाचा प्रयोग आहे, उपचार नव्हे. मूल उशिरा बोलतंय किंवा अडखळतंय म्हणून त्याच्या डोक्याला हे यंत्र लावू नका. त्यासाठी ऑडिओलॉजिस्ट आणि वाचातज्ज्ञ आहेत. आणि ९ व्होल्टची बॅटरी व दोन वायरी जोडून घरी यंत्र बनवायचा मोह टाळा. खरं यंत्र प्रवाह स्थिर ठेवतं आणि रोध वाढला की स्वतःहून थांबतं. घरगुती जुगाड थांबत नाही, आणि कातडी भाजते ती तिथेच.

## १. ध्वनींची जोडी ठरवा

बहुतेक जण तयार मिळणारी इंग्रजी ‘बा–पा’ मालिका उतरवून घेतात. पहिली आणि सगळ्यांत महाग चूक हीच. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘बी’ अनेकदा स्फोटाआधी, म्हणजे ओठ झटक्याने उघडण्याआधी, घोष (स्वरतंतूंचं कंपन) नसलेलाच असतो आणि ‘पी’ महाप्राण असतो. मराठी कानाला तो ‘बी’ आपल्या ‘प’सारखा लागतो आणि ‘पी’ महाप्राण ‘प’सारखा. म्हणजे तुम्ही ब–प तपासतोय असं समजता आणि ऐकणारा भलतीच सीमा ओलांडत असतो.

व्हीओटी म्हणजे ओठ उघडल्याचा स्फोट आणि स्वरतंतूंचं कंपन यांच्यातलं वेळेचं अंतर. मराठी ‘ब’मध्ये कंपन स्फोटाच्या आधीच सुरू होतं, म्हणून व्हीओटी ऋण. ‘प’मध्ये ते स्फोटानंतर लगेच सुरू होतं, म्हणून किंचित धन. आपली सीमा या दोहोंमध्ये शोधायची आहे.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऐकणाऱ्याच्या घरात मराठी असेल, तेलुगू असेल, कन्नड असेल किंवा दखनी उर्दू असेल. त्यामुळे जोडी निवडताना:

- ब–प, द–त: चारही भाषांत घोष-अघोष भेद पक्का आहे. सुरुवात यानेच करा.
- त–ट: दंत्य-मूर्धन्य भेदही सगळीकडे आहे. पण मूर्धन्याची खूण आधीच्या स्वरात जास्त ठळक उमटते, म्हणून ‘ता–टा’ऐवजी ‘आत–आट’ घ्या.
- प–फ: टाळा. एक तर आपल्यातले बरेच जण ‘फ’ दात-ओठ लावून उच्चारतात. दुसरं, तेलुगू आणि कन्नडच्या रोजच्या बोलण्यात महाप्राण अनेकदा गळतो.
- ल–ळ, न–ण: मराठी, तेलुगू, कन्नड घरांसाठी चालेल. दखनी बोलणाऱ्याच्या घरात हा भेद नसतो, त्यामुळे गट मिसळला की आकडे कशाचे आहेत तेच कळेनासं होतं.

प्रश्न ओठ-जिभेच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाबद्दल असेल तर ब–प ही जोडी कुचकामी, कारण दोन्ही ओठांचेच ध्वनी आहेत. तिथे प–त घ्यावी लागते. २००९ मध्ये मोट्टोनेन आणि वॅटकिन्स यांनी मेंदूतल्या ओठांच्या भागावर टीएमएसचे, म्हणजे डोक्याबाहेर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय, मंद ठोके दिले तेव्हा बा–डा, पा–टा या जोड्यांची ओळख ढासळली, का–गा ची नाही. जोडी प्रश्नाला शोभणारी हवी ती अशी.

तपासा: ‘माझी जोडी फक्त एकाच गुणात वेगळी आहे’ हे वाक्य तुम्ही एका ओळीत लिहू शकता का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. ध्वनिमालिका तयार करा

प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.

१. एका पुरुषाच्या आवाजात ‘बा’ आणि ‘पा’ प्रत्येकी दहा-बारा वेळा ध्वनिमुद्रित करा. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाइल. पंखा बंद, फ्रिज बंद. रस्त्यालगतच्या खोलीत रात्री उशिराच काम होतं.

२. त्यांतला स्वच्छ ‘पा’ पाया म्हणून घ्या आणि ‘बा’मधला स्फोटाआधीचा घोष कापून त्याच्यापुढे जोडा. उलट क्रम, म्हणजे ‘बा’ घेऊन त्याचा घोष कमी करत जाणं, सोपा वाटतो. पण ‘बा’चा स्फोट नरम असतो आणि त्याच्या स्वराची सुरुवात खालच्या सुरात होते. घोष पूर्ण काढला तरी कान त्याला ‘पा’ म्हणायला कांकूं करतो.

३. घोषाची लांबी ० पासून १०० मिलिसेकंदांपर्यंत १० च्या टप्प्याने वाढवा. अकरा ध्वनी होतील.

४. टप्पा मिलिसेकंदांत ठरवला तरी कापणी कंपनांत करा. १०० हर्ट्‌झच्या आवाजात एक कंपन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे टप्पा बरोबर एका कंपनाचा. २०० हर्ट्‌झच्या स्त्री-आवाजात एका टप्प्यात दोन कंपनं. मधोमध कापलंत की ‘टिक्’ असा आवाज येतो, आणि ऐकणारा त्या टिकवरून उत्तर देऊ लागतो. प्रत्येक काप तरंग शून्यावरून जातो तिथेच द्या.

५. घोष कमी करताना सुरुवातीकडून कापा. स्फोटाला चिकटलेला भाग तसाच राहू द्या.

६. प्रत्येक फाइलच्या आधी शांतता भरून स्फोट सगळीकडे एकाच क्षणी येईल असं करा. नाहीतर फाइलच्या लांबीवरूनच ब आणि प ओळखता येतात.

७. तीव्रता स्वराच्या भागापुरती सारखी करा. पूर्ण फाइलची सरासरी सारखी केली तर घोषाच्या लांबीप्रमाणे स्वराची पातळी नकळत बदलते.

फाइली सहकाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका. आवाज दाबला जातो. पेनड्राइव्ह बरा.

तपासा: प्रयोगात नसलेल्या पाच-सहा जणांना मालिका ऐकवा. दोन्ही टोकं ९० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखली जायला हवीत. शून्याच्या टोकाला ‘पा’ कमी येत असेल तर पाया बदला. सीमा एका टोकाला चिकटली असेल, तर त्या बाजूचे टप्पे बारीक करा.

## ३. आवाज कानापर्यंत पोचवा

स्फोटाआधीचा घोष साधारण १०० ते २५० हर्ट्‌झच्या पट्ट्यात राहतो. लॅपटॉपचा स्पीकर हा पट्टा जवळजवळ गिळून टाकतो, आणि छताच्या पंख्याची घरघर उरलेला झाकते. लॅपटॉपवर ऐकवलेली ब–प मालिका शेवटपर्यंत ‘पा’च लागते ती यामुळे.

मोठा हेडफोन लावावा म्हटलं तर डाव्या बाजूचा स्पंज कानाच्या अगदी वर येतो. हेडफोनचा पट्टा त्याला दाबतो, सलाइनचं पाणी गालावर ओघळतं, आणि प्रवाह मेंदूत जाण्याऐवजी त्या ओल्या वाटेने कातडीवरून पळतो. उपाय एकच: कानात बसणारा, फोमच्या टोकाचा इयरफोन. फोम चिमटीत वळून बारीक करा, कान किंचित वर-मागे ओढून आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला नाही की सगळ्यांत आधी खालचा पट्टाच गळतो, म्हणजे नेमका तुमचा घोष.

ब्लूटूथ नको. लॅपटॉपमधलं ‘साउंड एन्हान्समेंट’ बंद करा. पातळी ६५ ते ७० डेसिबलच्या दरम्यान ठेवा. ती मोबाइलच्या अ‍ॅपवर न मोजता ध्वनिमापकाने मोजा, आणि आवाजाचं बटण टेपने चिकटवून टाका.

## ४. परवानगी आणि माणसं

इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही माणसाला बोलावू नका. अर्ज करताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा, आणि सीटीआरआयमधली (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी पहिल्या माणसाच्या आधी करा. विद्यापीठात तशी कमिटी नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर संयुक्त प्रस्ताव द्यावा लागतो. त्यात वेळ जातो, तो आधीच धरून चाला. संमतिपत्र मराठीखेरीज तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवं. ‘शॉक देणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला ‘नाही, पण स्पंजाखाली झिणझिण, खाज, थोडी चुणचुण वाटेल’ असं सरळ उत्तर द्या.

यांना घेऊ नका: अपस्मार किंवा पूर्वी फिट आलेले, डोक्यात धातूची पट्टी, क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेले, पेसमेकरवाले, गरोदर स्त्रिया, स्पंज बसेल तिथे जखम, गजकर्ण किंवा फोड असलेले.

चौकशीत सहसा निसटतात अशा तीन गोष्टी:

तंबाखू. निकोटिनमुळे टीडीसीएसनंतरचा परिणाम बदलतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखूत धरत नाहीत. मिश्री, मावा, गुटखा, विडी ही नावं घेऊन विचारा आणि शेवटचं सेवन किती वाजता झालं ते लिहा. चहाचंही तसंच.

गोळ्या. कार्बामाझेपिनसारखी फिटवरची आणि नैराश्यावरची औषधं परिणाम पुसतात किंवा फिरवतात. नाव आठवत नसेल तर पाकीट घेऊन यायला सांगा.

लूमचा आवाज. यंत्रमागावर वर्षानुवर्षं काम केलेल्याच्या कानात ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास खाच पडलेली असू शकते. त्याला स्वतःला ती जाणवत नाही. सगळ्यांची २५० ते ८,००० हर्ट्‌झची ऑडिओमेट्री करा आणि दोन्ही कानांत २० डेसिबल किंवा त्याहून चांगली पातळी असेल तरच घ्या. शिफ्ट संपवून थेट आलेल्याचा कान तात्पुरता मंदावलेला असतो. गोंगाटापासून निदान १४ तास दूर राहिल्यावरच चाचणी घ्या, म्हणजे व्यवहारात सुट्टीच्या दिवशी सकाळी.

शिवाय पाच वर्षांपर्यंत घरी कोणती भाषा होती, शाळा कोणत्या माध्यमाची, हात उजवा की डावा, हे नोंदवा. पहिल्या प्रयोगात डावखुरे वगळा.

## ५. प्रयोगाची मांडणी आणि दिवस

प्रत्येक माणूस दोनदा येईल: एकदा खरा प्रवाह, एकदा शॅम, म्हणजे नावापुरता. दोन बैठकांत कमीत कमी ४८ तास ठेवा, आठवडा असेल तर उत्तम. वेळ दोन्हीकडे तीच. निम्म्यांना खरा आधी, निम्म्यांना शॅम आधी. दुसऱ्या वेळी सगळेच सरावाने सुधारतात, आणि क्रम उलटापालटा केला नाही तर ती सुधारणा प्रवाहाच्या खात्यावर जमा होते.

कोणत्या दिवशी काय द्यायचं हे यंत्रात सांकेतिक क्रमांकाने भरतात. तो क्रमांक समोर बसणाऱ्या प्रयोगकर्त्याला माहीत नसावा. किती माणसं घ्यायची हेही आधीच गणित करून ठरवा. ‘फरक दिसेपर्यंत घेत राहू’ हा प्रकार नको.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. घाम आला की स्पंजाभोवती मिठाच्या वाटा तयार होतात. खोली एसीने आधी गार करा, चाचणीची साडेपाच-सहा मिनिटं एसी आणि पंखा दोन्ही बंद ठेवा, मधल्या विश्रांतीत परत लावा. खोलीतला आवाज ४० डेसिबलच्या खाली हवा. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वर यात्रेच्या आणि गड्ड्याच्या दिवसांत, शहरात शांत खोली मिळणं अवघड. वेळापत्रकात तो काळ वगळा. लॅपटॉप चार्ज करून बॅटरीवरच चालवा. वीज गेली तर बैठक मोडत नाही, आणि चार्जरची ५० हर्ट्‌झची घरघर इयरफोनमध्ये शिरत नाही.

## ६. साहित्य

- बॅटरीवर चालणारं टीडीसीएस यंत्र. माणसाला जोडलेलं असताना चार्जिंगला लावायचं नाही, कधीच नाही.
- कार्बन-रबरचे दोन इलेक्ट्रोड, स्पंजाच्या खोळी, रबरी पट्टे.
- नॉर्मल सलाइन, ०.९ टक्के. औषधाच्या दुकानात बाटलीवर ‘एनएस’ वाचून घ्या. घाईत ‘डीएनएस’ हातात पडते. त्यात साखर असते, स्पंज चिकट होतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं.
- १० मिलिलिटरची सिरिंज, मोजपट्टी, पुसता येणारी पेन्सिल, कापूस, टॉवेल.
- मल्टिमीटर आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर.

नळाचं पाणी वापरू नका. नळाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाखाली कातडी भाजल्याच्या नोंदी आहेत.

तपासा: रोज सकाळी, माणूस येण्याआधी, यंत्राच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टर आणि मल्टिमीटर एकापाठोपाठ जोडून २ मिलिअँपिअर सोडा. मीटरवर तेवढेच दिसायला हवेत. आकडा डुगडुगत असेल तर नवी बॅटरी घाला. तरीही डुगडुगला तर त्या दिवशी बैठक घेऊ नका.

## ७. डोकं तयार करणं

आदल्या रात्री शाम्पूने केस धुऊन यायला सांगा. सकाळी तेल नको, कंडिशनर नको, गजरा नको. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं, म्हणून आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा. तेल लावून आलेल्या माणसाला कापसाने पुसून बसवू नका. तेलाचा थर उरतो, रोध वाढतो आणि प्रवाह स्पंजाच्या एखाद्या कडेलाच गोळा होतो. नम्रपणे दुसरा दिवस द्या.

पिना, बुगड्या, वेल, कुड्या काढून ठेवायला सांगा. बुगडी नेमकी डाव्या स्पंजाच्या खालच्या कडेला येते. कपाळावर कुंकू, अष्टगंध किंवा विभूती असेल तर ती का पुसावी लागते ते आधी सांगा, ओला कापूस त्यांच्याच हातात द्या. कातडी स्पिरिटने किंवा खरखरीत कापडाने घासू नका. ओरखड्यातून प्रवाह जास्त जातो.

जागा मोजणं:

१. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजा, मध्यावर खूण करा.

२. एका कानासमोरच्या खळग्यापासून डोक्यावरून दुसऱ्या खळग्यापर्यंत मोजा. तोंड उघडल्यावर जिथे बोट आत जातं तो हा खळगा. दोन्ही रेषा मध्यावर भेटतात तो बिंदू सीझेड. हे आणि पुढची टी७, सी३, पी३, पी७ ही नावं मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या ईईजीच्या १०–२० पद्धतीतल्या जागांची आहेत.

३. दुसऱ्या रेषेच्या १० टक्के अंतरावर, डाव्या खळग्याच्या वर, टी७. रेषा ३६ सेंमी असेल तर टी७ खळग्यापासून ३.६ सेंमीवर येतो. ३० टक्क्यांवर, म्हणजे १०.८ सेंमीवर, सी३.

४. अ‍ॅनोड (धन टोकाचा स्पंज) टी७ वर किंवा सीपी५ वर. टी७ ते पी३ आणि सी३ ते पी७ या रेषा छेदतात तिथे सीपी५. दोन्हींपैकी एकच निवडा आणि सगळ्यांसाठी तीच ठेवा. ईईजीची टोपी असेल तर खुणा तिच्यातून करा, वेळ वाचतो.

५. कॅथोड (ऋण टोकाचा स्पंज) उजव्या भुवईच्या वर, भुवईला न टेकता.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो: स्पंज जिथे, परिणाम तिथे. विद्युतक्षेत्राचा जोर बहुधा दोन स्पंजांच्या मधल्या भागात जास्त असतो, आणि ३५ चौरस सेंमीचा स्पंज मेंदूचा मोठा पट्टा व्यापतो. सिमनिब्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रवाहाचा नकाशा काढा आणि मगच ‘श्रवणभाग’ हा शब्द लिहा. जागेबद्दल ठाम विधान करायचंच असेल तर तिसरी बैठक ठेवा, तिच्यात स्पंज दुसऱ्या ठिकाणी.

बसवणं:

१. इयरफोन आधी, स्पंज नंतर. उलट केलंत तर ओल्या पट्ट्याखालून फोम आत जात नाही.

२. ५ × ७ सेंमीच्या स्पंजाच्या प्रत्येक बाजूला सिरिंजने सुमारे ६ मिलिलिटर सलाइन सोडा. स्पंज ओला हवा, ठिबकता नको. दोन बोटांत हलका दाबून पाहा.

३. केस बोटांनी दोन्हीकडे सारून कातडी दिसू द्या. दाट केसांत ओळ पाडून तिथे थेट थोडं सलाइन सोडा.

४. डावा स्पंज लांब बाजू आडवी ठेवून लावा. तरी त्याची खालची कड कानाच्या वरच्या पाळीवर टेकते. पाळी हलकेच खाली वाकवून बाहेर काढा.

५. रबर किंवा वायरीची पिन कातडीला थेट लागत नाही ना, ते बोट फिरवून पाहा.

६. पट्टा एक बोट सरकेल इतका घट्ट. जास्त आवळलात तर पाणी निथळतं आणि अर्ध्या तासात डोकं दुखू लागतं.

३५ चौरस सेंमीवर २ मिलिअँपिअर म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे ०.०५७. कान अडतो म्हणून २५ चौरस सेंमीचा स्पंज घेतलात तर प्रवाह १.५ वर आणा, घनता ०.०६ होते. स्पंज लहान करून प्रवाह तोच ठेवणं ही नेहमीची चूक.

## ८. चाचणी आणि प्रवाह: हा क्रम मोडू नका

१. सराव. फक्त दोन टोकांचे ध्वनी, बरोबर-चूक सांगत. टोकं ९० टक्के जमेपर्यंत पुढे नाही.

२. आधीची चाचणी, स्पंज बांधलेले पण प्रवाह बंद. ती स्पंज न बांधता घेतली तर आधी-नंतरच्या फरकात पट्टा, ओल आणि कानावरचा ताण हेही मिसळतात. अकरा ध्वनी, प्रत्येक दहा वेळा, क्रम विस्कटलेला: ११० उत्तरं, साधारण साडेपाच मिनिटं. ब आणि प ची बटणं निम्म्या लोकांसाठी अदलाबदल करा.

३. रोध पाहा. या वेळात स्पंज थोडा वाळतो, म्हणून प्रत्येकी एक-दोन मिलिलिटर भर घाला. ५ किलोओहमच्या खाली असेल तर उत्तम. १० च्या वर असेल तर सुरू करू नका. केस पुन्हा सारा. यंत्र हट्टाने चालवलंत तर ते व्होल्टेज वाढवत नेतं आणि चुणचुणीची जळजळ होते.

४. प्रवाह सुरू. ३० सेकंदांत हळूहळू २ मिलिअँपिअरपर्यंत. समोरच्याला सांगा: ‘काकू, पहिलं एक मिनिट खाज सुटल्यागत होईल, मग कमी होईल. भाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, सोसत बसू नका.’ शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे माणसं भिडेखातर सोसतात.

५. २० मिनिटं. पाचव्या मिनिटाला चाचणीचा दुसरा फेरा. उरलेला वेळ शांत बसणं. मोबाइल नाही, झोप नाही, गप्पा नाहीत. गप्पा मारल्या की त्या वीस मिनिटांत माणूस शेकडो खरे ब-प ऐकतो, आणि तुमच्या मालिकेची सीमा त्यानेच सरकते.

६. प्रवाह उतरवा, पुन्हा ३० सेकंदांत. मग लगेच तिसरा फेरा.

शॅमच्या दिवशी चढण तीच, ३० सेकंद प्रवाह, मग उतरण; बाकी वेळ यंत्र नुसतं चालू दिसतं. बैठक संपल्यावर दोन्ही दिवशी विचारा: ‘आज खरा होता की नावापुरता?’ हे उत्तर लिहिलेलं नसेल तर शॅम खरंच फसवा होता हे सिद्ध करता येत नाही. २ मिलिअँपिअरला काही जण ओळखतात.

थांबवा, जर: जळजळ वाढत असेल, डोकं गरगरत असेल, समोरचा गोंधळल्यासारखा वाटत असेल किंवा रोध एकदम उडी मारत असेल. थांबवायचं म्हणजे यंत्रावरून उतरवायचं. वायर उपटू नका. प्रवाह अचानक तुटला की डोळ्यांपुढे लख्खकन चमकतं, आणि कपाळावरचा स्पंज डोळ्याजवळ असल्याने ते हमखास होतं.

सुरक्षिततेची भीती घालायचं कारण नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ४० मिनिटं, ४ मिलिअँपिअर आणि ७.२ कूलोंब (एका बैठकीतला एकूण विद्युतभार) या मर्यादांच्या आतल्या ३३,२०० हून जास्त बैठकांत गंभीर अपाय आढळला नव्हता. आपली मात्रा २.४ कूलोंब भरते. पण त्या बैठका वर सांगितलेली काळजी घेऊन झालेल्या होत्या.

टीएमएस वापरणाऱ्यांसाठी एवढंच: कॉइलचा कडकडाट ऐकण्याच्या चाचणीत थेट मिसळतो, म्हणून ठोके आधी देऊन चाचणी नंतर घ्या, कानात बोळे घालूनच ठोके द्या, आणि फिट येण्याची शक्यता इथे जास्त धरून डॉक्टर खोलीत असल्याशिवाय सुरू करू नका.

## ९. काढल्यावर

स्पंजाखालची कातडी पाहा. सारखी लाली तासाभरात जाते. एकाच ठिकाणी ठिपक्यासारखा लाल डाग असेल तर फोटो घ्या, कमिटीला कळवा आणि त्या माणसाची दुसरी बैठक घेऊ नका. खाज, चुणचुण, जळजळ, डोकेदुखी, थकवा यांना ० ते १० गुण विचारा, शॅमच्या दिवशीही. दुसऱ्या दिवशी एक फोन करा.

स्पंज साध्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून सावलीत वाळवा. मीठ आत सुकलं की स्पंज कडक होतो आणि पुढच्या वेळी मधोमध कोरडाच राहतो. उघडलेली सलाइनची बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

## १०. आकडे वाचणं

प्रत्येक माणसाच्या प्रत्येक फेऱ्याला लॉजिस्टिक (इंग्रजी एस-आकाराचा) वक्र बसवा. त्यातून तीन आकडे काढा: सीमा, म्हणजे ५० टक्के ‘बा’ येणारी घोषाची लांबी; उतार, म्हणजे सीमा किती धारदार; आणि टोकांवरच्या चुका.

टोकांवरच्या चुका सगळ्यांत आधी पाहा. शेवटच्या फेऱ्यात १०० मिलिसेकंद घोषाचा ध्वनीसुद्धा दहातून दोनदा ‘पा’ म्हणून दाबला गेला असेल तर तो माणूस कंटाळलाय. त्याचा उतार मंदावला म्हणून ‘प्रवाहाने ध्वनींची ओळख धूसर झाली’ असं लिहायला मन धजावतं, लिहू नका. टोकांवर किती चुका झाल्या तर फेरा बाद, हे प्रयोगाआधीच ठरवून नोंदणीत लिहिलेलं हवं.

सीमा सरकली तर दोन शक्यता उरतात: कान बदलला, की नुसता एका बटणाकडे कल वाढला. हे वेगळं करायला भेद ओळखण्याची चाचणीही ठेवा: तीन ध्वनी लागोपाठ, मधला पहिल्यासारखा की तिसऱ्यासारखा. सीमेवरच्या जोडीत फरक पडला आणि एकाच गटातल्या जोडीत पडला नाही, तरच ओळखीबद्दल बोला.

अ‍ॅनोड म्हणजे सुधारणा आणि कॅथोड म्हणजे बिघाड, हे समीकरण हाताचे स्नायू हलवणाऱ्या मेंदूच्या भागावरच्या प्रयोगांतून आलं आहे. आकलनाच्या चाचण्यांत ते बऱ्याचदा टिकत नाही, म्हणून दिशेचा अंदाज गृहीतकात बेताने मांडा. अहवालात स्पंजाचं माप, प्रवाह, चढण-उतरण, प्रत्येक बैठकीचा सुरुवातीचा आणि शेवटचा रोध, खोलीचं तापमान, घरची भाषा आणि ‘खरा की नावापुरता’ची उत्तरं द्या. फरक सापडला नाही तरी हा सगळा तक्ता तसाच द्या.